हात न टेकता

आमच्या सदनात कोणीही वनमालाआजीला विचारलं, "काय आजी, बरं आहे ना?" की तिचं उत्तर ठरलेलं.

"कसला बरा? लाकडां मसणात गेली, माका तेवढी न्हेवक इसारली!"

म्हणजे सरणाची लाकडं पुढे गेली, न्यायची राहिली ती हीच. आणि मग बोळकं उघडून अशी हसायची, की समोरचा पण हसायचा. पाय कसे आहेत? "पाय कधीच गेले." डोळे? "डोळे तुमच्याकडे गहाण." भूक? "भुकेक काय करतंस, दात खंय?" आणि हे सगळं बोलून दहा मिनिटांनी पिशवी घेऊन टणाटण मच्छी मार्केटला. कोळणीशी वाटा परवडेपर्यंत भांडून, मांदेली घेऊन, चालत परत. मी सोबत गेले तर मला दम लागायचा.

एकदा मी चिडून विचारलं, "तू एवढी घोड्यासारखी चालतेस, मग रोज मेले मेले काय करतेस?"

तिने मला कानाला धरून जवळ ओढलं. "बरा आसा असा मोठ्यान म्हणाचा नाय गो. देव कान टवकारता. म्हणता, ही अजून बरी आसा? थांब, बघतंय."

दृष्ट लागते म्हणून. तिच्या गावाला सगळ्या म्हाताऱ्या असंच बोलतात म्हणे. जी जास्त रडते ती जास्त जगते.

सदन म्हणजे मुलुंड पूर्वेला, मिठागराच्या अंगाला, एका ट्रस्टची बैठी चाळ. आठ खोल्या, पुढे एकच लांब पडवी, टोकाला नळ. एकेका खोलीत एकेक म्हातारं माणूस. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, अशांसाठी. आजीचा नवरा परळला मिलमध्ये होता, तो वारला, मूल नव्हतं. परळची खोली पुतण्याने, लवूने, गोड बोलून स्वतःच्या नावावर केली. मग ट्रस्टवाल्यांनी इथली चार नंबर दिली. फाटकावर पाटी होती, "येथील रहिवासी स्वतःचे स्वतः करणारा असावा." ज्याला स्वतःचं होत नाही तो आश्रमात. आश्रम कर्जतच्या पण पुढे. एका हॉलमध्ये चाळीस खाटा. तिकडून कोणी परत आलेलं मी पाहिलं नाही.

माझी आई, प्रेमा, सदनात झाडूलादी करायची. आम्ही मागच्या पत्र्याच्या खोलीत. माझं नाव सुलक्षणा. आई म्हणायची, नाव सुलक्षणा आणि एक लक्षण धड नाही. नववीत दुसऱ्यांदा बसले होते, तेव्हा बाईंनी डस्टर फेकून मारला. मी तो परत फेकला. शाळा संपली. त्यानंतर आईशी भांडण झालं की मी चार नंबरमध्ये जाऊन झोपायची. आजी काही विचारायची नाही. गोधडी टाकायची आणि म्हणायची, "पाय थंय कर, माझे पाय मरान पडलेत, लाथ मारू नको."

मला दुसरीकडे कुठे जाता येत नव्हतं. म्हणून सांगतेय.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर पाच नंबरचे धोंडिरामकाका न्हाणीत पडले. दोन दिवस तसेच पडून होते. त्या दोन्ही दिवशी मी त्यांच्या दारापुढचा झाडू मारला होता. कडी आतून, मला वाटलं झोपलेत. तिसऱ्या दिवशी वास आला.

त्यानंतर ट्रस्टचे सेक्रेटरी श्यामकांत देशमुख एकदम घाबरले. पारल्याला राहायचे, पांढरी पँट, बोलायला साधे. म्हणाले, आता दरवर्षी तपासणी. कोण एकटं राहू शकतं, कोण नाही, डॉक्टर ठरवणार. "मला परत असं प्रेत उचलायचं नाही," असं ते आईला म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. म्हणजे माणूस वाईट नव्हता. हीच तर पंचाईत होती.

जानेवारीत डॉक्टरीण आली. अनुपमा नाव, तरुण, खांद्याला पर्स, गळ्यात दोरीला स्टॉपवॉच. तिने पडवीत घडीची लोखंडी खुर्ची मांडली, तिथून दहा फुटांवर खडूने रेघ मारली. आधी फॉर्ममधले प्रश्न. मग खुर्चीतून हात न टेकता उठायचं, रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं, बसायचं. ती घड्याळ लावणार.

पहिले भाऊ, दोन नंबर. रेल्वेत हेडक्लार्क होते. डावा पाय ओढत चालायचे, रोज सकाळी मीच त्यांची बादली भरून द्यायची. पण तोंड काय! "एनी डिफिकल्टी?" असं डॉक्टरणीने विचारायच्या आत म्हणाले, "नन व्हॉटसोएव्हर, डॉक्टर!" खुर्चीतून उठताना खोकल्याचं नाटक करून मांडीला रेटा दिला. ती फॉर्मवर लिहीत होती, तिला दिसलं नाही. मला दिसलं. पास.

मग आजी. आली ती नेहमीसारखी तुरुतुरु. आणि येऊन जमिनीवर बसली.

"आजी, खुर्चीवर बसा ना."

"नाय गो बाय. सायब उभे आसत, मी खुर्चयेर बसतंय काय?"

श्यामकांत म्हणाले, "बसा हो, मीच सांगतो." तेव्हा टेकली. आजी बुटकी. खुर्चीवर बसली तर पाय जमिनीला लागेनात. शाळेतल्या पोरीसारखे लोंबत राहिले. आयुष्यात ती खुर्चीवर बसली असेल ती मतदानाला नाहीतर दवाखान्यात.

"चालताना त्रास होतो का, आजी?"

"त्रास कसलो? पायच गेले."

डॉक्टरणीने लिहिलं.

"कधीपासून?"

"दहा वर्सां झाली."

"दिसतं नीट?"

"काय दिसता? काळोख."

"स्वयंपाक, पाणी, बाजार कोण करतं?"

आजीने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. "ही. ही करता सगळा. देवान धाडल्यान. ही नाय तर मी मेलंय कधीच."

खोटं! सगळं खोटं! मी तिचं काही करत नव्हते. तीच मला जेवायला घालायची. पण चार लोकांत पोरीचं नाव घ्यायचं, तिचं चांगलं बोलायचं, ही तिची रीत. मी ओरडले, "ओ मॅडम, ती असंच बोलते! असं बोलायची पद्धत आहे त्यांच्यात! ती काल मार्केटला चालत गेलेली!"

"तू मध्ये बोलू नकोस. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

"तोंडून नाही, पायाकडे बघा ना! डोळे आहेत ना तुम्हाला?"

"सुले!" आईने माझा दंड धरला.

"आजी, तब्येत एकंदर कशी?"

आणि आजीने तेच सांगितलं. लाकडां मसणात गेली. बोळकं उघडून हसली. या वेळी तिच्याबरोबर कोणी हसलं नाही. डॉक्टरणीने पेन थांबवून श्यामकांतांना हळूच विचारलं, "मरणाचं सारखं बोलतात का या?" आणि ते पण लिहिलं.

खुर्चीतून उठताना पाय पोचत नव्हते म्हणून आजी आधी सरकत पुढे आली, मग दोन्ही हात टेकले. "हात नको, आजी." परत बसली. परत सरकली. तोपर्यंत घड्याळ चाललेलं. उठल्यावर चालली मात्र झकास, पण आकडा आधीच गेला होता.

वाट लागली.

श्यामकांत आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "प्रेमाबाई, आश्रमात नर्स असते. त्यांच्या भल्याचंच आहे."

मी फाटक अडवून उभी राहिले. काय काय बोलले आठवत नाही. भाऊंचं पण सांगणार होते, पण भाऊ पडवीत खांबाला धरून उभे होते आणि माझ्याकडे असे बघत होते की मी गिळलं. शेवटी डॉक्टरीणच म्हणाली, "पंधरा दिवसांनी मी परत येते. परत बघू. मी जे दिसतं ते लिहिते गं, माझं काही वैर आहे का?"

पंधरा दिवस. मी म्हटलं, बस झालं. पंधरा दिवसांत मी हिला पास करते.

भाऊंकडून तीच घडीची लोखंडी खुर्ची आणली. त्यांनी स्वतः पुसून दिली. आणि आजीला समोर बसवलं.

"हे बघ. एक, मालवणी बंद. त्या बाईला कळत नाही. शुद्ध बोलायचं. दोन, रडगाणं बंद. ती विचारेल त्रास होतो का, तू म्हणायचं, मला काही त्रास नाही. म्हण."

"असा म्हणाचा नाय गो. दिष्ट..."

"आश्रमात जायचंय? चाळीस खाटा? म्हण!"

"माका काय..."

"मला!"

"मला... काही... त्रास... नाही." असं म्हणून तिने पटकन जमिनीला हात लावला आणि तोंडावर फिरवला.

बरोबर बोलली की एक पेपरमिंट. शुभ्र गोल पेपरमिंट तिला फार आवडायच्या, चघळत बसायची. पेपरमिंटसाठी हात पुढे करायची आणि लाजून हसायची. चौथ्या दिवशी मी झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणाली, "मला काही त्रास नाही. मी सगळं स्वतः करते." एकदम रेडिओवरच्या बाईसारखी. मी टाळ्या वाजवल्या.

उठबस सकाळी वीस, संध्याकाळी वीस. पण हात टेकायची सवय जाईना. मी लक्ष दिलं नाही की लगेच तळवा खुर्चीला. माझं डोकं फिरलं. मी तिच्या दोन्ही हातांत पाण्याने भरलेला तांब्या दिला. आता कसा टेकशील? पाणी सांडलं तर ती उठबस धरायची नाही.

"गुडघो दुखता गो सुले."

"सुरू झालं! परत तेच! पाय गेले, डोळे गेले!"

"नाय गो, खरोखर."

"रोज खरोखरच असतं तुझं. म्हण काय म्हणायचं ते."

तिने तांब्या नीट धरला. मग म्हणाली, "मला काही त्रास नाही." मी पेपरमिंट दिली. तिने ती पदराला बांधून ठेवली. तोंडात टाकली नाही. मी ते बघितलं. मला सगळं दिसतं, हीच तर गोष्ट आहे.

नवव्या दिवशी संध्याकाळी चौदाव्या उठबशीला तांब्या कलला. पाणी लादीवर. तिचा पाय त्यात गेला, गुडघा आत वळला, तिने दाराची चौकट धरली. पडली नाही. तांब्या खणखणत पडवीत गेला. मी पहिलं काय केलं? मी पाण्यावरून ओरडले. मग लादी पुसली. मग विचारलं, "लागलं का?"

"मला काही त्रास नाही."

"शाब्बास!"

खरंच शाब्बास म्हटलं मी.

दुसऱ्या दिवसापासून ती खुर्चीवर बसायला लागली. स्वतःहून. नाहीतर ती कायम जमिनीवर, आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, मासे चिरतेय, तांदूळ निवडतेय, सगळं खाली. आता दिवसभर खुर्चीत, भाजी पण मांडीवर ताट घेऊन. मी आईला म्हटलं, "बघ, आता सवय झाली. आता फाड दिशी पास." मच्छीला तिने मला पाठवलं. म्हणाली, "आज तू हाड, तुका भाव कळाक होयो." मी म्हटलं, वा, मला भाव करून आणायला शिकवतेय. खोलीत निगडीच्या, म्हणजे निर्गुडीच्या, पाल्याचा वास यायचा. विचारलं तर म्हणाली, मच्छर. नऊवारी लुगडं, गुडघा झाकलेला, वरून काही दिसायचं नाही. उठबस करायची तेव्हा ओठ दाबून धरायची. आवाज एक नाही. मी मोजत राहायची. अठरा, एकोणीस, वीस.

जिला रोज "मेलंय मेलंय" म्हणायची खोड, ती पाच दिवस एकदाही मेली नाही. मला आनंद झाला होता.

पंधराव्या दिवशी डॉक्टरीण आली. परत खुर्ची, परत रेघ. मी आजीच्या पायाखाली भाऊंच्या खोलीतला पाट ठेवला, म्हणजे पाय टेकतील. डॉक्टरीण म्हणाली, "हे मागच्या वेळी माझ्या लक्षात यायला हवं होतं." म्हणजे बघा. म्हणजे नुसता पाट पुरला असता.

"आजी, चालताना त्रास होतो का?"

"मला काही त्रास नाही."

"बाजार कोण करतं?"

"मी स्वतः जाते. मी सगळं स्वतः करते."

श्यामकांतांनी चष्मा काढून पुसला. डॉक्टरीण हसली. "वा, आजी! एवढं शुद्ध! दिसतं नीट?"

"मला सगळं दिसतं."

भाऊ आपल्या दारातून अंगठा वर करून शाब्बास म्हणत होते. आई पदर तोंडाला लावून. मी तर उड्या मारायच्या बेतात.

"चला, उठा. हात न टेकता."

आजीने शिकवल्यासारखे दोन्ही हात छातीवर बांधले. उठली. अर्धी. परत बसली.

"सावकाश."

परत उठली. या वेळी पूर्ण उभी राहिली. तोंड पांढरं पडलं होतं. उजवा पाय पुढे टाकला. मग डावा. मग परत उजवा, आणि तो तिच्या खालून गेलाच. घडीच्या खुर्चीची कडी निसटावी तसा. तरी तिने हात सोडले नाहीत. बांधलेल्या हातांनी पडायला लागली. का तर मी सांगितलं होतं, हात नको. डॉक्टरणीने झेप घेऊन धरली म्हणून डोकं वाचलं.

तिला जमिनीवर बसवलं. डॉक्टरणीने लुगडं वर सरकवलं. गुडघ्यावर जुन्या पातळाची चिंधी घट्ट बांधलेली, आत निगडीचा पाला, काळा पडलेला. सोडली तर गुडघा नारळाएवढा. पाला सगळीकडे सांडला.

"हे कधीपासून आहे?"

आजीने माझ्याकडे बघितलं. सांगू की नको असं नव्हतं ते. बरोबर उत्तर काय, असं होतं.

"मला काही त्रास नाही," ती म्हणाली.

डॉक्टरणीने मान वर केली. "तू रोज असतेस ना हिच्याजवळ? तुला कसं दिसलं नाही गं?"

मला भांडता येतं. कोणाशी पण, कधी पण. तेव्हा मी खाली बसून सांडलेला पाला वेचत राहिले.

ट्रस्टची मॅटॅडोर आठवड्याने आली. गुडघ्याला पट्ट्या बांधलेल्या आजीला श्यामकांतांनी आणि ड्रायव्हरने खुर्चीसकट उचललं, त्याच लोखंडी खुर्चीसकट. तिने कोणाला "जातंय" म्हटलं नाही. निघताना ते म्हणायचं नसतं. "येतंय गो," म्हणाली आईला. "येतंय," भाऊंना. भाऊ खांबाआड तोंड करून उभे होते. माझ्या हातात तिने पदराची गाठ सोडून काहीतरी दिलं. पेपरमिंट. पाच-सहा होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. मी त्या मागच्या मिठागरात फेकल्या. रागाने फेकल्या. कोणाच्या रागाने, माहीत नाही.

चार नंबर महिन्याभरात दुसऱ्या कोणाला दिली.

एप्रिलमध्ये मी आईला न सांगता आश्रमात गेले. उन्हाचं स्टेशनपासून चालत. हॉल होता, खाटा होत्या. मी मोजल्या नाहीत. ती खिडकीपासून तिसऱ्या खाटेवर होती. एवढीशी झाली होती. पायावर चादर. मी चादर उचलली नाही.

तिथली बाई म्हणाली, "तुमच्या आजी फार चांगल्या हो. बाकीचे दिवसभर कण्हतात. या कधी तक्रारच करत नाहीत. पाठीला जखम झाली तेव्हा आम्हाला चादर बदलताना कळलं."

मी खाटेच्या कडेला बसले. तिने ओळखलं का, मला कळलं नाही. मला एकच ऐकायचं होतं. एकदा ते बोलली असती, बोळकं उघडून हसली असती, तर मी तशीच चालत परत गेले असते.

"आजी," मी म्हटलं, "बरं आहे ना?"

तिने माझ्या हाताकडे बघितलं.

"आजी, लाकडां खंय गेली गो? लाकडां?"

तिचे ओठ हलले. मी वाकले. तिने दोन्ही हात उचलून छातीवर बांधले, नीट, शिकवल्यासारखे.

"मला काही त्रास नाही," ती म्हणाली. "मी सगळं स्वतः करते."

मग एक हात सोडवून, तळवा उघडून, माझ्यापुढे धरला.

मी पेपरमिंट आणली नव्हती.